इंग्रजीचे शिक्षक परदेशी जाणार, पण कशाच्या बळावर?

दक्षिण कोरियात परदेशी माणसाला इंग्रजी शिकवायचं असेल तर ई-२ नावाचा व्हिसा लागतो. नियमाने तो ७ देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पदवी लागते, पण ती इंग्रजीतलीच हवी असं नाही. टेक्सासमधून वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेला, आयुष्यात एकदाही वर्गासमोर उभा न राहिलेला तरुण सोलच्या खासगी क्लासमध्ये रुजू होऊ शकतो. साताऱ्यात इंग्रजी घेऊन एम.ए., बी.एड. झालेली आणि १० वर्षं नववी-दहावीला शिकवणारी शिक्षिका त्याच क्लाससाठी अर्जही करू शकत नाही. तिच्यासाठी भारत-कोरिया करारात एक वेगळी, अरुंद वाट आहे; तिच्याकडे पुढे येऊच.

हा भेदभाव आडून केलेला नाही, नियमात लिहून ठेवलेला आहे. त्याचं मूळही जुनं आहे. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे इंग्रजी अध्यापनावर एक परिषद भरली आणि इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे जन्माने इंग्रजी बोलणारा, हा समज तिथे जवळपास तत्त्व म्हणून मान्य झाला. रॉबर्ट फिलिपसन या अभ्यासकाने १९९२ मध्ये त्या समजाला भ्रम ठरवलं. अमेरिकेतल्या टेसोल या शिक्षक संघटनेने २००६ मध्ये अशा भेदभावाविरुद्ध अधिकृत निवेदनही काढलं. व्हिसा देणाऱ्या खात्यांनी त्यातलं काही मनावर घेतल्याचं दिसत नाही. नोकरीच्या जाहिरातीत ‘फक्त मातृभाषक’ हे शब्द आजही सर्रास छापले जातात.

तरीही या लेखाचा रोख त्या देशांवर नाही. त्यांचा नियम आपल्या निषेधाने बदलणार नाही. आपल्याकडून इंग्रजीचा शिक्षक परदेशी जातो तेव्हा त्याच्या पाठीशी काय असतं? इंटरनेटवर घेतलेलं एक प्रमाणपत्र, एजंटाचा व्हॉट्सअॅप नंबर आणि मंत्रालयातल्या रांगेत गेलेला दिवस. शिक्षकाची तयारी, त्याच्या कागदांची विश्वासार्हता आणि त्याच्या वतीने करायच्या वाटाघाटी या तिन्ही गोष्टी सार्वजनिक संस्थांच्या कामाच्या आहेत. त्या आपण एकेकट्या उमेदवारावर आणि बाजारावर सोडून दिल्या आहेत. माझी तक्रार ती आहे.

आधी बाजार कसा आहे ते पाहू, कारण ‘परदेशात इंग्रजी शिकवणे’ अशी एक नोकरी नसते. प्रत्येक देशाचं कुलूप वेगळं आहे.

चीनमध्ये परदेशी भाषाशिक्षकाने स्वतःची मातृभाषाच शिकवावी, असा नियमाचा कल आहे. भारतीयाला भाषाशिक्षक म्हणून परवाना मिळणं फार अवघड. मग काही संस्था कागदावर ‘सल्लागार’ किंवा ‘व्यवस्थापक’ दाखवतात आणि वर्गावर पाठवतात. तपासणी झाली की संस्थेला दंड होतो, शिक्षकाला देश सोडावा लागतो. त्यात जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि तो सगळा धंदाच आक्रसला. घरबसल्या चिनी मुलांना ऑनलाइन शिकवण्याचं कामही त्याच वेळी आटलं. आजही कुणी तुम्हाला त्या कामाचं ‘प्रशिक्षण’ विकत असेल तर तो जुना माल खपवतो आहे.

जपानचं कुलूप आपल्यासाठी सर्वांत बोचरं आहे. शाळांमध्ये परदेशी भाषा शिकवायच्या व्हिसासाठी ती भाषा माध्यम असलेल्या संस्थेत १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या भारतीयाला ही अट पार करता येते. त्यासाठी शाळेकडून आणि कॉलेजकडून माध्यम इंग्रजी होतं असं पत्र लेटरहेडवर, जावक क्रमांकासह घ्यावं लागतं, कारण नुसत्या गुणपत्रिकेवरून ते सिद्ध करणं कठीण जातं. मराठी माध्यमातून दहावी झालेल्याला मात्र अकरावीपासून पदवी, एम.ए. सगळं इंग्रजीतून करूनही वर्षांची बेरीज जमवणं अवघड. आता गंमत बघा. दुसऱ्या भाषेतून इंग्रजीत शिरताना कुठे अडखळायला होतं, हे ज्याने स्वतः अनुभवलंय तो मराठी माध्यमाचा शिक्षक जपानी मुलाच्या अडचणी जास्त ओळखू शकेल. नियमाला त्याचं सोयरसुतक नाही.

व्हिएतनाम आणि थायलंड ही तुलनेने उघडी दारं. व्हिएतनाममध्ये भाषा केंद्रांसाठी नियम २०१८ मध्ये स्पष्ट झाले: मातृभाषक नसलेल्याला पदवी, अध्यापनाचं प्रमाणपत्र आणि सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर पाचव्या पायरीचं, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरच्या सी-१ पातळीचं इंग्रजी. आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत ही पातळी साधारण ७ बँडपासून सुरू होते. हा नियम मला न्याय्य वाटतो. पासपोर्ट न बघता क्षमता बघायची तर पुरावा मागणं ओघानेच आलं. थायलंडमध्ये बिगर-स्थलांतरित ‘बी’ व्हिसा, कामाचा परवाना आणि खुरुसफा या शिक्षक परिषदेची परवानगी अशी तिहेरी साखळी आहे. मातृभाषक नसलेल्यांकडून शाळा टोइक परीक्षेत ९९० पैकी किमान ६०० गुणांची मागणी करतात. एवढे गुण आपल्या इंग्रजी पदवीधराला जड नाहीत. खरी अडचण पगाराची. अनेक जाहिरातींमध्ये मातृभाषक आणि इतर असे दोन दर उघडपणे दिलेले असतात, तास तेच. शिवाय फिलिपिन्सहून आलेले शिक्षक तिथे मोठ्या संख्येने आहेत. ते आपसात शाळांची, मुख्याध्यापकांची, पगाराची माहिती पुरवतात. आपला माणूस सहसा एकटा जातो आणि सांगतील त्या पगाराला हो म्हणतो.

आखाताचा हिशेब वेगळा. तिथे बहुतेक भारतीय शिक्षक सीबीएसईच्या शाळांमध्ये विषयशिक्षक म्हणून जातात, भाषातज्ज्ञ म्हणून नव्हे. तिथे बी.एड. आणि किमान २ वर्षांचा अनुभव बघतात. पदवीच्या समकक्षतेच्या तपासणीत मुक्त विद्यापीठाची किंवा बहिःस्थ पदवी अडू शकते, हे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून शिकलेल्यांनी अर्जाआधीच त्या देशाच्या शिक्षण खात्याकडून विचारून घ्यावं. पगाराबाबत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही: नवऱ्याच्या व्हिसावर तिथेच राहणाऱ्या भारतीय शिक्षिका कमी पगारावर उपलब्ध असतात, त्यामुळे भारतातून नेलेल्या शिक्षकालाही शाळा फार देत नाहीत. घरभाडं पगारात की वेगळं, हे न विचारता गेलेल्याचा सगळा हिशेब पहिल्याच महिन्यात फिसकटतो.

मालदीवमध्ये भारतीय शिक्षक कित्येक वर्षं जात आहेत. बेटावरची शाळा छोटी असते आणि राहण्याचा खर्च आटोक्यात राहतो. पण पगार रुफियात मिळतो, देशात डॉलरची टंचाई असते आणि बँका घरी पाठवायच्या रकमेवर मर्यादा घालतात. करारावरचा आकडा आणि नाशिकच्या खात्यात जमा होणारा आकडा यांत महिनोन्महिने अंतर राहू शकतं.

फ्रान्सची एक संधी तरुणांनी जरूर बघावी. सरकारी शाळांमध्ये इंग्रजीचे साहाय्यक म्हणून भारतीयांनाही घेतलं जातं: ऑक्टोबर ते एप्रिल, आठवड्याला १२ तास, हातात महिन्याला साधारण ८०० युरो. त्यात पैसे साठत नाहीत, खर्च कसाबसा भागतो. अट फ्रेंचची आहे, बी-१ पातळीची. पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकणाऱ्यांची संख्या बघता या वाटेवर मराठी मुलं आणखी दिसायला हवीत.

आणि ब्रिटन. २०२३ मध्ये इंग्लंडने भारतीय शिक्षकांना तिथला पात्र शिक्षकाचा दर्जा मिळवण्याची वाट खुली केली तेव्हा आपल्याकडे बरेच संदेश फिरले. ती वाट गणित, विज्ञान आणि परदेशी भाषा शिकवणाऱ्यांसाठी होती. इंग्रजीचे शिक्षक तीत नव्हते. शिकवण्यांचे धंदे करणाऱ्यांनी हे बारीक अक्षर वाचून दाखवलं नाही, यात नवल काही नाही.

आता प्रमाणपत्रांकडे येऊ, कारण उमेदवाराचा सर्वाधिक पैसा इथे जातो.

‘१२० तासांचं टेफल’, म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवण्याचं प्रमाणपत्र, हे शब्द सगळीकडे दिसतात. हा १२० चा आकडा केंब्रिजच्या सेल्टा अभ्यासक्रमाशी जुळणारा आहे. सेल्टामध्ये १२० तास प्रशिक्षकांच्या संपर्कातले असतात, पूर्णवेळ केल्यास ४ ते ५ आठवडे लागतात, ४ लेखी कामं असतात आणि मुख्य म्हणजे खऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना ६ तास शिकवावं लागतं, तेही परीक्षक मागे बसून प्रत्येक मिनिटाची नोंद घेत असताना. ट्रिनिटीचा सर्टटेसोल याच तोडीचा. त्यांचा खर्च लाखांत जातो. दुसरीकडे सवलतीचं कूपन लावून काही हजारांत मिळणारा १२० तासांचा ऑनलाइन कोर्स आहे, ज्यात एकही विद्यार्थी नसतो. व्हिडिओ बघायचे, पर्याय निवडायचे, पीडीएफ उतरवायची.

स्वस्त कोर्स फसवा म्हणून टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. व्हिएतनाम किंवा थायलंडमध्ये कामाच्या परवान्यासाठी एक कागद लागतो आणि तिथे तो कागद बऱ्याचदा चालून जातो. ज्याला आखातातल्या भारतीय शाळेत जायचं आहे त्याने सेल्टावर एक पैसाही घालू नये, बी.एड. आणि अनुभव हेच त्याचं भांडवल. पण ज्याला भाषा केंद्रात, विद्यापीठाच्या पूर्वतयारी वर्गात, प्रौढांना शिकवण्यात टिकायचं आहे त्याला निरीक्षणाखाली शिकवल्याचा अनुभव लागतोच. तो कुठून येणार?

कागदोपत्री तो आपल्याकडे भरपूर आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर बी.एड. २ वर्षांचं झालं आणि छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव, १६ आठवड्यांचा. सेल्टाच्या ६ तासांपुढे १६ आठवडे म्हणजे किती तरी पट! प्रत्यक्षात अनेक महाविद्यालयांत सराव पाठ म्हणजे पाठ टाचणाच्या वहीवरची सही. मार्गदर्शक वर्गात १० मिनिटं डोकावतात, ‘आवाज मोठा हवा, फलक लेखन सुधारा’ असा शेरा देतात आणि पुढच्या वर्गात जातात. काही ठिकाणी हजेरीपटापलीकडे शाळेचं तोंडही पाहिलेलं नसतं. विद्यार्थी किती वेळ बोलले, शिक्षक किती वेळ बोलला, सूचना देताना किती शब्द वाया गेले, चूक कुठे दुरुस्त केली आणि कुठे जाणूनबुजून सोडली, याची मिनिटवार नोंद देणारा निरीक्षक छात्राध्यापकाला वर्षभरात एकदा भेटला तरी भाग्य.

याचा परिणाम मुलाखतीच्या नमुना पाठात उघडा पडतो. भारतीय उमेदवार आपल्या उच्चारांमुळे हरतो अशी आपली समजूत आहे. माझ्या मते तो जास्त वेळा पद्धतीमुळे हरतो. २० मिनिटांचा पाठ असतो, त्यातली १५ मिनिटं तो स्वतः बोलतो. पूर्ण वर्तमानकाळ शिकवायला सांगितला की आधी व्याख्या, मग ‘हॅव, हॅज अधिक क्रियापदाचं तिसरं रूप’ असं सूत्र फळ्यावर, मग सगळ्यांना ‘समजलं का?’ सगळे ‘हो’ म्हणतात. समोरचा निवडकर्ता त्या ‘हो’ला शून्य गुण देतो.

त्याला काय हवं असतं? शिक्षक आत येतो, खिसे चाचपतो, दाराकडे बघतो आणि म्हणतो, ‘आय हॅव लॉस्ट माय कीज.’ मग विचारतो: चाव्या आत्ता माझ्याजवळ आहेत? नाहीत. कधी हरवल्या ते मी सांगितलं? नाही. ती वेळ महत्त्वाची आहे की आत्ताची अडचण? आत्ताची अडचण. हे तीन छोटे प्रश्न झाले की फळ्यावर एक आडवी काळरेषा, तिच्यावर ‘आत्ता’ची खूण आणि मागे कुठेतरी एक प्रश्नचिन्ह. सूत्र शेवटी येतं, तेही विद्यार्थ्यांकडून काढून घेतलेलं. मग जोड्या करून ८ मिनिटं विद्यार्थी बोलतात आणि शिक्षक गप्प राहून चुका टिपतो. ही पद्धत शिकायला परदेशी कोर्सच लागतो असं नाही. आपल्या बी.एड. च्या वर्गात ती शिकवता येते, फक्त शिकवणाऱ्याने स्वतः ती केलेली हवी. हैदराबादच्या इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठाची परंपरा १९५८ पासूनची आहे. इंग्रजी अध्यापनाच्या प्रशिक्षणासाठीच ती संस्था निघाली. म्हणजे देशात हे ज्ञान नाही अशातला भाग नाही. ते तालुक्याच्या बी.एड. कॉलेजापर्यंत झिरपलेलं नाही.

उच्चारांचं म्हणाल तर अमेरिकी सूर ओढून-ताणून लावणं हा सर्वांत वाईट उपाय. तो तिसऱ्या वाक्याला सुटतो आणि ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. मराठी बोलणाऱ्याने दोनच गोष्टींवर दोन-तीन महिने काम करावं. पहिली, शब्दातला आघात, म्हणजे जोर: ‘डेव्हलप’मध्ये तो उच्चाराच्या दुसऱ्या तुकड्यावर, ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्यावर आणि ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्यावर जातो. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे वळत नाही आणि परदेशी श्रोत्याला नेमकं तिथेच अडायला होतं. दुसरी, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांचा एकच ‘व’ करण्याची सवय: ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘डब्ल्यू’ला ओठांचा चंबू होतो आणि दात कुठेच लागत नाहीत. आरशासमोर हे आठवडाभरात जमतं.

कागदपत्रांचं काम मात्र आठवडाभरात होत नाही. तिथे उमेदवार सर्वाधिक हतबल असतो.

पदवी प्रमाणपत्र मूळ हवं. तात्पुरतं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी चालत नाही. म्हणजे दीक्षान्त समारंभ झालेला असायला हवा किंवा विद्यापीठाकडे स्वतंत्र अर्ज करून प्रमाणपत्र काढायला हवं. त्यानंतर राज्य सरकारचं साक्षांकन, आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. हा शिक्का दोन प्रकारचा. पहिला अपोस्टिल, म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत चालणारा एकच शिक्का: भारत २००५ पासून हेग अपोस्टिल कराराचा सदस्य आहे, त्यामुळे कोरिया, जपान, फ्रान्स, ओमान, बहरीन आणि २०२२ अखेरीपासून सौदी अरेबिया अशा सदस्य देशांसाठी अपोस्टिल पुरतं. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत यांसारख्या देशांसाठी मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्यांच्या दूतावासाचा शिक्काही घ्यावा लागतो, आणि त्याचे पैसे वेगळे. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र पासपोर्ट सेवा केंद्रातून ५०० रुपयांत मिळतं, पण ते आधीच काढून ठेवू नये. अनेक ठिकाणी ६ महिन्यांपेक्षा जुनं घेत नाहीत.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावापायी. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. विद्यापीठाच्या पदवीवर कधी क्रम उलटा, कधी आईचं नाव जोडलेलं. पासपोर्टवर नाव आणि आडनाव असे दोनच रकाने, वडिलांचं नाव कधी आत तर कधी बाहेर. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकेच्या बाबतीत पदवी माहेरच्या नावाने, बी.एड. सासरच्या आणि अनुभवाचं पत्र तिसऱ्याच आद्याक्षरांनी. परदेशातल्या कारकुनाला ही तीन वेगळी माणसं दिसतात, आणि त्यात त्याची चूक नाही. राजपत्रातली नोंद, विवाह प्रमाणपत्र आणि ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र हा संच नोकरी शोधायच्या आधी तयार हवा. थोडक्यात, कोरियाचं वर्ष मार्चमध्ये, जपानचं एप्रिलमध्ये, थायलंडचं मेमध्ये सुरू होतं, तर कागदांना निदान ६ महिने आधी हात घालायला हवा.

या कामात केरळ कुठे आहे बघा. तिथे नोरका-रूट्स ही सरकारी संस्था परदेशी जाणाऱ्यांचं प्रमाणपत्र साक्षांकन आपल्या विभागीय केंद्रांतून करते, आणि ओडेपेक ही सरकारी भरती कंपनी १९७७ पासून आहे. कोझिकोडच्या शिक्षिकेला राजधानी गाठावी लागत नाही. आपल्याकडे गडचिरोलीच्या किंवा सावंतवाडीच्या उमेदवाराचे कागद मुंबईच्या दिशेने जातात, आणि स्वतः जाणं परवडत नाही म्हणून तो मध्यस्थाला पैसे देतो. मध्यस्थांचा हा धंदा सरकारच्या गैरसोयीवर उभा आहे. प्रत्येक महसुली विभागात एक साक्षांकन केंद्र काढणं ही काही अवाढव्य योजना नाही.

एजंटांविषयी कायदा काय म्हणतो, हे शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशातल्या नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे केंद्र सरकारची नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, पावतीसह. ‘व्हिसा प्रोसेसिंग’, ‘फाइल चार्ज’, ‘स्लॉट बुकिंग’ अशा नावांनी लाखभर मागणारा कायदा मोडतो आहे. पर्यटक व्हिसावर या, परवाना तिथे आल्यावर करू, असं सांगणाऱ्या संस्थेला तिथेच नकार द्यावा. थायलंडमधल्या नोकरीचं आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारमधल्या म्यावाडी भागातल्या आणि कंबोडिया-लाओसमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्याची प्रकरणं २०२२ पासून उघडकीला आली, परराष्ट्र मंत्रालयाने इशारेही दिले. त्यातल्या बहुतेक जाहिराती संगणकाच्या कामाच्या होत्या. ‘उत्तम इंग्रजी आवश्यक, अनुभव नको, तिकीट आमचं’ ही अट मात्र शिक्षकांनाही लागू पडते, म्हणून सावध राहायचं.

करार हातात आला की चार जागी बोट ठेवावं. आठवड्याचे तास म्हणजे वर्गातले की इमारतीत बसण्याचे? कोरियाच्या सरकारी शाळांत वर्गातले २२ तास अशी पद्धत आहे. काही खासगी केंद्रांत ‘२५ तास’ लिहून आठवड्याचे ४० तास बसवतात. परवान्याचा खर्च कोण करणार? मध्येच सोडल्यास काय कापणार? आणि स्थानिक भाषेतला मसुदा व इंग्रजी मसुदा यांत फरक पडला तर कोणता ग्राह्य? या चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘स्थानिक’ असं असतं, म्हणून सही करण्याआधी तो मसुदा दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावा.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत इंग्रजीची ओरड असताना सरकारने शिक्षक बाहेर पाठवायची सोय करावी का? महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं. ते नीट शिकवणारी माणसं आपल्याला आजही पुरत नाहीत. पण इथे माणसं कमी आहेत की जागा कमी आहेत? अभियोग्यता चाचणी देऊन शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीकडे डोळे लावून बसलेले हजारो बी.एड. धारक आपल्यासमोर आहेत. निवड झाली तरी पहिली ३ वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधन, जे २०२३ मध्ये वाढवल्यावर प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झालं. वरिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारे वेगळेच. या माणसांना जाऊ न दिल्याने वाडीवरच्या शाळेत इंग्रजी पोहोचत नाही. उलट चार वर्षं हनोईत प्रौढांना बोलतं करून परतलेला शिक्षक तालुक्याच्या प्रशिक्षणात जे देऊ शकेल, ते आजच्या साधनव्यक्तीला जमणारं नाही. त्याच्या परदेशातल्या अनुभवाची वर्षं सेवेत मोजण्याची तरतूद करावी आणि त्याला परत घ्यावं.

शेवटी ती अरुंद वाट. भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापक आर्थिक करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्यात भारतीयांना कोरियातल्या प्राथमिक व माध्यमिक शाळांत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून ई-२ व्हिसा मिळण्याची सोय आहे. पदवी हवी आणि इंग्रजी शिकवण्याचा परवाना हवा. जपानबरोबरच्या २०११ च्या करारातही योगशिक्षक, आचारी, शास्त्रीय नृत्य-संगीताचे शिक्षक यांच्या जोडीला इंग्रजी शिकवणारे आहेत. म्हणजे शिक्षक हा व्यापार कराराचा विषय होऊ शकतो, हे एकदा सिद्ध झालेलं आहे. वाटाघाटी करणाऱ्यांनी माहिती तंत्रज्ञानाच्या अभियंत्यांसाठी जेवढा जोर लावला तेवढा इथे लावला नाही, आणि मिळालेली सोय कुणी शिक्षकांपर्यंत नेली नाही.

अडतं कुठे? ‘परवाना’ या एका अटीवर. भारतात शिक्षकाला परवाना देणारी यंत्रणाच नाही. बी.एड. ही पदवी आहे, टीईटी ही पात्रता परीक्षा आहे, आणि शाळेची मान्यता हे शिक्षणाधिकाऱ्याचं पत्र आहे, बऱ्याचदा मराठीत, टंकलिखित, अस्पष्ट शिक्क्याचं. परदेशी अधिकारी ‘तुमच्या देशात तुम्हाला शिकवायला परवानगी आहे याचा दाखला द्या’ म्हणतो, तेव्हा आपला उमेदवार या तीन कागदांचा गठ्ठा पुढे करतो आणि निर्णय त्या टेबलावरच्या माणसाच्या मर्जीवर जातो. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद टीईटी घेतेच. तिनेच बी.एड., टीईटी आणि अनुभव पडताळून, विषय इंग्रजी असा स्पष्ट उल्लेख करून, क्यूआर कोड असलेला एक पानी इंग्रजी दाखला द्यावा. त्याला राज्याचं साक्षांकन तिथल्या तिथे मिळावं. तो दाखला कोरियाच्या आणि जपानच्या दूतावासाकडे नमुना म्हणून आधीच पाठवून मान्य करून घेणं, हे काम शिक्षण आयुक्तालयाचं आणि परराष्ट्र मंत्रालयाचं. साताऱ्याच्या त्या शिक्षिकेने ते एकटीने करावं अशी अपेक्षा आपण आजवर करत आलो आहोत.